आधी उजवा बांधला, मंग डावा

२००८ साल होतं आणि माझं वय सदुसष्ट. थंडी नुकती पडायला लागली होती, म्हणजे मोसंबीचे डोळे भरायचे दिवस.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुढं सगळं यावरच आहे. जंबेरीचं, म्हणजे रानलिंबाचं, रोप जरा जाड झालं की त्याच्या सालीला चाकूनं चीर द्यायची. चांगल्या मोसंबीच्या काडीवर पानाच्या बगलेत बारीक कोंब असतो, त्याला आम्ही डोळा म्हणतो. तो सालीसकट काढायचा, त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी आवळायची. मूळ जंबेरीचं राहतं, झाड मोसंबीचं होतं. एवढुशा डोळ्यातून अख्खं झाड. हसनाबादजवळ माझी रोपांची वाटिका आहे आणि उभा जन्म मी हेच केलं. मंठा, जाफराबादपासून लोक यायचे ते विचारायचे, रोप दगडूबाच्या हातचं आहे का? दगडूबा म्हणजे मी.

माझं शिक्षण म्हणाल तर एक वर्ष उर्दूत झालं, निजामाच्या वेळचं. मंग राज्य बदललं, शाळा मराठी झाली, आणि चौथीनंतर मी शाळेला रामराम केला. तरी हे मी लिहितोय, कारण माझी पोरगी नलू म्हणाली, "दादा, तुमी सगळ्यांना तोंडी सांगून राह्यले. लिहून ठेवा, ज्याला कामाचं वाटंल तो वाचंल." ती जाफराबादला शाळेत मास्तरीण आहे. शब्दांच्या चुका तिनं दुरुस्त केल्यात. विचाराला हात लावू दिला नाही.

तो दिवस

डोळा कापला की तो सुकू नये म्हणून आम्ही ओठात धरतो. त्या सकाळी मी ओठात डोळा धरला, चीर दिली आणि डोळा घ्यायला गेलो तर तो ओठातून गळून खाली मातीत पडला. दुसरा धरला. तोही पडला. मला राग आला. मंग चाकू पडला. मी माझ्याच हाताला शिवी दिली, ती तोंडातून नीट निघाली नाही.

माझी बायको गयाबाई पलीकडं रोपांना पाणी देत होती. ती म्हणाली, "आवं, तोंड असं वाकडं काय करून राह्यले?"

मला वाटलं ही चेष्टा करते.

रहीमभाई तिथंच होता. तो माझी रोपं टेंपोत भरून बाजारोबाजार विकतो, आमची दोस्ती जुनी. तो म्हणाला, "दगडूभाऊ, ये तो लकवा हाये. जल्दी उठो, जालन्याला चलो."

मी उठलो नाही. झाडाखाली बसलो, पाणी मागितलं, अर्धं सांडलं, आणि हातानं खूण केली की बरा होतो थोड्या वेळात. मंग कुणीतरी सांगितलं की अंगावरून वारं गेलंय, तेल चोळणाऱ्याकडं न्या. तिकडं नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जालन्यात पोचलो आणि तिथून औरंगाबादला.

तिथल्या डॉक्टर साहेबांनी डोक्याचा फोटो उजेडापुढं धरला. एका जागी काळा डाग. म्हणाले, "इथं रक्त पोचलं नाही. एवढा भाग गेला. पहिल्या दोन-तीन तासांत आला असता तर गाठ विरघळवायचं औषध देता आलं असतं."

वाचणाऱ्यानं दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी हे ठेवावं. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोबडं निघालं, की तिथून थेट मोठा दवाखाना. झाडाखाली बसून पाणी पिऊ नये. तेल नंतर चोळता येतं.

"गेलेलं परत येतं का?" नलूनं विचारलं.

"गेलेला भाग येत नाही. हाताचं मात्र आज काही सांगता येत नाही."

मी खाटेवर पडून ऐकत होतो. मरायची भीती मला वाटली नाही, हे खरं सांगतो. मला भीती वाटली ती घासाची. म्हटलं, आता जन्मभर कुणाच्या तरी हातानं खायचं.

वॉर्ड

दवाखान्यात सकाळ लवकर होते. आधी फिनेल, मंग चहा, मंग सिस्टर येऊन म्हणायची, "आजोबा, हात उचला." डावा उचलला की म्हणायची, "तो नाही, दुसरा." रोज. जशी काय मी चुकूनच डावा उचलत होतो.

माझ्या शेजारच्या खाटेवर मंठ्याच्या बाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारणारा एक माणूस होता. त्याची वाचा पार गेल्ती. बायकोचं नाव सांगता येईना, पाणी मागता येईना. बायको रडायची. एक दिवस तिच्या मनात काय आलं कोण जाणे, तिनं डब्यातलं केळं वर धरलं आणि म्हणाली, "बोला, काय भाव?"

तो ताडकन उठून बसला आणि खणखणीत आवाजात ओरडला, "येकवाऽर! दोनवाऽर! तीनवाऽर!"

सगळा वॉर्ड हसला. तो हसला, बायको हसली आणि मंग दोघंही रडायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, साधं बोलणं मेंदूत एकीकडं असतं आणि वर्षांनुवर्षं घोकलेलं दुसरीकडं. एक वाट बंद पडली तरी दुसरी उघडी असू शकते. तेव्हा मला ते नीट कळलं नाही, पण ध्यानात राहिलं. माझ्या हातानंही काही कमी घोकलेलं नव्हतं.

बोलणं माझं आठवड्यात सुधारलं. पाय ओढत का होईना चालायला लागला. हात मात्र खांद्याला टांगल्यासारखा.

मूळपेशी

एक तरणे डॉक्टर येऊन नलूजवळ बसले. म्हणाले, "आम्ही एक नवीन उपचार तपासून पाहतोय. माणसाच्या हाडातल्या मगजात काही पेशी असतात, त्यांचं काय व्हायचं ते अजून पुरतं ठरलेलं नसतं. त्यांना मूळपेशी म्हणतात. त्या काढून शिरेतून परत देतो. मेंदूला मदत होते का, ते बघायचंय."

मी खाटेवरून म्हणालो, "म्हंजे डोळा."

त्यांना कळलं नाही. मी समजावलं. ते म्हणाले, "साधारण तसंच धरा, पण पुरतं तसं नाही." मी पुढचं ऐकलंच नाही.

त्यांनी सांगायचं ते सगळं सांगितलं होतं, लपवलं काहीच नाही. हाडातून मगज सगळ्यांचा काढणार. पण शिरेतून काहींना पेशी मिळणार, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते ना रोग्याला कळणार ना डॉक्टरला. वर्षानंतर उघड करणार. गुण येईलच असंही नाही.

नलू म्हणाली, "दादा, तुमच्या वाट्याला पाणी आलं तर?"

"माझ्या वाट्याला पाणी येत न्हाई," मी म्हणालो.

सही करायची होती. सही मला येते, झोकदार येते. पण उजव्यानं होईना आणि डाव्याची सवय नव्हती. डाव्या हाताचा अंगठा दिला. अडाण्यावाणी अंगठा उठवताना जे वाटलं ते मगज काढायला कमरेच्या हाडात सुई घालतानाही वाटलं नाही, आणि ती सुई काही बारीक नव्हती. मंग एक बाटली शिरेतून चढवली.

घरी

घरी आलो आणि उजवा हात छातीशी बांधून टाकला.

का, ते सांगतो. डोळा भरला की त्याला हलवायचं नसतं. पट्टी सोडून लागलाय का ते बघायचं नसतं. वाऱ्यानं रोप हललं तरी डोळा सुटतो. आत धागा जुळायला निवांतपणा लागतो. माझ्यात नवा डोळा भरलेला, आणि दवाखान्याची माणसं म्हणतात हात रोज हलवा, बोटं उघडा, मिटा. मी मनाशी म्हटलं, या लोकांनी कधी कलम केलेलं नाही. आधी उपरण्यानं बांधला आणि वरून रोपाची प्लास्टिकची पट्टी आवळली, आमच्या पद्धतीची.

नलू रजा काढून राहिली होती. ती रोज म्हणायची, "दादा, सोडा हात, व्यायाम करा."

"तू शाळंतल्या पोरांना शिकव."

"डॉक्टर सांगून राह्यले ते खोटं का?"

"डॉक्टरच्या बापानं लावलीय का मोसंबी?"

शेवटी ती चिडून जाफराबादला निघून गेली. एसटीत बसताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. गयाबाई माझ्याशी कामापुरतं बोलायची. ती मला जेवू घालायची आणि मी भिंतीकडं बघत जेवायचो.

रहीमभाई कबुतरांची जोडी घेऊन आला. लकव्याला कबुतर चांगलं असं आमच्याकडं सगळेच म्हणतात. गयाबाईच्या गळ्यात तुळशीची माळ. ती दारातच आडवी झाली. "माझ्या घरात जीव कापायचा न्हाई."

"वहिनी, दवा हाये ही."

"मंग तुमच्या घरी न्या, आन् तुमीच खा. तुमची बी मान वाकडीच हाये."

कबुतरं खोक्यात राहिली, मंग आढ्यावर गेली आणि तिथंच त्यांनी संसार मांडला.

त्या हंगामात वाटिकेतले डोळे दुसऱ्याच माणसानं भरले. रहीमभाईनं मला विचारलं, "लोक पुसतात, दगडूभाऊच्या हातचं हाये का? मी काय सांगू?"

"खरं सांग," मी म्हणालो. त्या दिवशी मी जेवलो नाही.

पट्टी सुटली

महिन्यानं तपासणीला गेलो. तिथं व्यायाम करून घेणाऱ्या एक स्नेहल मॅडम होत्या. वयानं नलूहून लहान, मूळच्या मंठ्याकडच्या. त्यांनी उपरणं सोडलं. कोपर उघडेना. मूठ घट्ट मिटलेली. ती हळूहळू उकलली तेव्हा नखं तळव्यात रुतलेली दिसली. गयाबाईनं पदर तोंडाला लावला.

मला वाटलं ही पोर आता रागावणार. ती स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "बाबा, का बांधला ते सांगा."

मी सगळं सांगितलं. डोळा, साल, पट्टी. तिनं पुरतं ऐकलं.

"तुमचा हिशोब झाडाला बराबर हाये," ती म्हणाली. "मेंदूचा न्यारा हाये. पहिले डॉक्टर लोकांनाबी वाटायचं, मोठ्या माणसाच्या मेंदूत नवीन काही जुळत न्हाई, गेलं ते गेलं. आता कळून राह्यलं की म्हातारपनीबी जुळतं. गेलेल्या जागेच्या आजूबाजूचा भाग काम शिकतो. पन कवा? काम पडलं तर. ज्या हाताला काम न्हाई त्याची जागा मेंदू दुसऱ्याला देऊन टाकतो. तुमी हाताला निवांत ठेवलं, मेंदूला वाटलं हात न्हाईच."

"मंग त्या पेशी?"

"त्या आसतील नसतील. काम तर हातालाच करावं लागंल."

आजही माझं म्हणणं आहे की डोळ्यापुरता मी चुकलो नव्हतो. पण नखांचे व्रण तळव्यावर होते, त्यांच्याशी काय भांडणार?

मंग ती म्हणाली, "आता डावा बांधायचा."

"डावाच तर राह्यला माझ्यापाशी!"

"म्हनूनच. डावा हाये तवर उजवा कशाला उठंल? रोज सकाळी बांधायचा, दुपारपर्यंत."

तेव्हा महिन्याभरात पहिल्यांदा गयाबाई हसली. म्हणाली, "मॅडम, हे काम माझ्याकडं द्या."

डावा

जुन्या लुगड्याची पट्टी काढून तिनं ती खुंटीला टांगली. रोज सकाळी यायची आणि म्हणायची, "आना हात." मी डावा पुढं करायचो. ती मनगटाला फास घालून कमरेशी बांधायची, गुरं बांधतात तशी गाठ.

यात मोठेपणा काही नाही. वरण छातीवर सांडतं. भाकरी हातातून सुटते आणि कुत्रं घेऊन जातं. नाकावर माशी बसते ती बसूनच राहते. मी गयाबाईला नाही नाही ते बोललो. ती म्हणायची, "बोला. तोंड तर सुधरलं."

आडव्या बोळातून कुणी आलं की मी घरात जायचो. ज्या हाताकडं बघायला लोक उभे राहायचे, त्याला वाटाणा उचलता येत नव्हता.

आधार झाला तो कबुतरांचा, सांगायला लाज नाही. मॅडमनी सांगितलं होतं की दाणे उचलून टाका. माणसापुढं मला ते जमत नव्हतं. मी अंगणात बसायचो, ताटलीत ज्वारी घ्यायचो आणि उचलायला बघायचो. निम्मे दाणे मांडीवर, निम्मे भुईवर. कबुतरं सगळीकडचे टिपायची. कुठं पडले, कसे पडले, त्यांना काही नव्हतं. ज्यांना कापायला आणलं होतं ती माझ्या मांडीवर चढून खायला लागली.

होळीच्या सुमाराला अंगठा हलला. उन्हाळ्यात मोसंबीचं फळ धरता यायला लागलं. पावसाळ्यात घास. वाकडा, पण माझा. नलू सुटीत आली, मी तिच्यासमोर जेवलो. तिनं माझ्या ताटात आणखी भाजी वाढली.

हे वाचणारा कुणी खाटेवर असेल तर त्याला सांगतो, गुण रोज दिसत नाही. चार दिवस काही नाही, पाचव्या दिवशी मागं. कंटाळा येतो. कंटाळा आला म्हणून थांबू नये. मला थांबता आलं नाही कारण बायको थांबली नाही.

पण खरं सांगायचं तर माझ्या मनात वेगळंच होतं. मी गावात छाती काढून सांगत होतो, "माझ्या मेंदूत डोळा जगला. मूळपेशी भरल्या माझ्यात." रहीमभाईनं ही गोष्ट जाफराबादच्या बाजारात नेली. हात जरा नीट उठला की मला वाटायचं, आत फुटवा निघतोय. सकाळी कंटाळा आला तरी त्या फुटव्याच्या भरवशावर मी डावा पुढं करायचो.

पाणी

वर्ष झालं. परत थंडी, परत डोळे भरायचे दिवस. शेवटच्या तपासणीला नलू आणि मी गेलो. हाताची ताकद मोजली, बोटं मोजली, ते तरणे डॉक्टर खूश होते. मंग म्हणाले, "आता तुम्हाला काय दिलं होतं ते सांगता येतं. ऐकायचंय?"

नलूनं माझी बाही धरली. "दादा, राहू द्या ना."

"सांगा," मी म्हणालो.

"तुम्हाला पाणी होतं."

मी विचारलं, "बराबर पाह्यलं का?" त्यांनी पुन्हा बघितलं. पाणीच.

ज्यांना खऱ्या पेशी मिळाल्या त्यांचं काय झालं, असं नलूनं विचारलं. ते म्हणाले, सगळ्यांचा हिशोब अजून लागायचा आहे, आत्ता काही बोलणं खोटं ठरेल. चांगला माणूस. मला राग आला तो त्याचा नाही.

एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो. महिनाभर छातीशी बांधून जपलं ते काय, तर मिठाचं पाणी. वर्षभर गावाला सांगत फिरलो ते काय. आणि खरी धास्ती पुढंच होती. ज्याच्या भरवशावर हात उठत होता तेच नव्हतं, मंग आता उठेल का?

घरी आल्यावर नलूनं आईला सांगितलं. गयाबाई चहा घेऊन आली. मी उजव्या हातानं कप घ्यायला गेलो तर हात असा कापला की चहा मांडीवर सांडला. महिन्याभरात असं झालं नव्हतं. मी कप डाव्यानं खाली ठेवला.

तेवढ्यात रहीमभाई आला, ऐकून गेला. जाताना म्हणाला, "दगडूभाऊ, पानी पे इतना चला हात? फिर तो हमारे नलके का भी पिला के देखो." एरवी मी त्याला चार शिव्या दिल्या असत्या.

गयाबाई भांडी आवरत होती. पाठमोरीच म्हणाली, "पानी व्हतं तर पानी व्हतं. आता मला एवढंच सांगा, येवढ्या दिसात तुमच्या त्या डोळ्यानं गाठ बांधली का कवा? गाठ मी बांधली. घास तुमी उचलला. तिसरं कोन व्हतं तिथं?"

मी अंथरुणावर पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या आधी उठलो. खुंटीवरची पट्टी काढली. तिचं एक टोक दातात धरलं आणि उजव्या हातानं डाव्या मनगटाला वेढे घेतले. दोनदा पट्टी घसरली. बोटं कापत होती, कापू दिली. कमरेला फिरवून आणली, अंगठ्यानं दाबून धरली आणि गाठ मारली.

अंगणात ताटली घेऊन बसलो होतो, तेव्हा गयाबाई आली. खुंटीकडं बघितलं, मंग माझ्याकडं. जवळ येऊन गाठीला बोट लावून बघितलं.

"सैल हाये," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "माझ्या हातची हाये."